पेणचं विमान का पडत होतं

मी लढाऊ विमानं दुरुस्त करते, असं एकदा एसटीत शेजारच्या बाईंना सांगितलं, तर त्यांनी आपली पिशवी जवळ ओढून घेतली. त्यांची काही चूक नाही. रोह्यात विमानतळ नाही आणि माझ्याकडे बघून कुणाला वैमानिक आठवेल असं माझं ध्यानही नाही. माझं दुकान बाजारपेठेत आहे, एका बाजूला शिलाईवाला, दुसऱ्या बाजूला खत-बियाण्यांचं दुकान. पाटीवर 'कॉम्प्युटर रिपेअरिंग' एवढंच लिहिलंय. पतपेढीचे, शाळेचे, किराणावाल्यांचे कॉम्प्युटर हे माझं पोटापाण्याचं काम. पण गेली काही वर्षं लांबलांबून लोक 'सुलभाताई कुठे बसतात' म्हणून विचारत येतात, ते विमानांच्या खेळासाठी.

हा खेळ म्हणजे मोबाइलवर बोट घासायचा प्रकार नव्हे. त्यात खऱ्या विमानासारखी इंजिनाची बटणं क्रमाने दाबावी लागतात, तेव्हा कुठे विमान जागं होतं. उजव्या हातात विमान वळवायचा दांडा, डाव्या हाताला वेगाचा खटका, पायाखाली पेडल. समोर शत्रूचं विमान. पडद्यावर आकाश फिरताना दिसतं ते खरं तर एकामागून एक भराभर काढलेली चित्रं असतात. ती वेळेवर आली तर आकाश वाहतं, उशिरा आली तर अडखळतं. आणि हे अडखळणं नेमकं शत्रू पाठीमागे लागला की सुरू होतं, कारण तेव्हाच कॉम्प्युटरवर सगळ्यात जास्त भार असतो. बाहेरच्या माणसाला वाटतं, पडलं तर पडलं, खेळच तो. माझ्या दुकानात हे लोक आजारी माणसाला आणल्यासारखे कॉम्प्युटरचं कॅबिनेट कवेत घेऊन येतात, त्यांना असं म्हणून दाखवा.

मी पहिला प्रश्न नेहमी एकच विचारते. "शेवटचं काय बदललंत?" आणि उत्तरही नेहमी एकच येतं. "काय नाय, ताई." पंचवीसेक वर्षांत मला 'अमुक बदललं' असं सरळ सांगणारा माणूस भेटलेला नाही.

रोह्याजवळच्या वरसे गावचे एक काका होते, कंपनीतून निवृत्त झालेले. त्यांचं विमान सारखं डावीकडे ओढायचं. काकांनी टेबलाखाली पाचर मारून टेबल उजवीकडे झुकवलं होतं! नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, इथे नाचता यावं म्हणून अंगण वाकडं केलं होतं. हल्लीच्या दांड्यांत चुंबक असतो, दांडा हलला की चुंबक हलतो आणि त्यावरून कॉम्प्युटरला दिशा कळते. जावयाने काकांना मोबाइलचं नवीन कव्हर दिलं होतं, चुंबकाने बंद होणारं. काका ते दांड्याच्या बुडाशी ठेवून खेळायचे. मी मोबाइल उचलून त्यांच्या खिशात घातला आणि विमान सरळ झालं. काका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

कुवेतहून दरवर्षी सुट्टीवर येणारे मुश्ताकभाई वेगळेच. ते आपलं मशीन दोन रजयांत गुंडाळून आणायचे. विमानतळावरच्या आदळआपटीत आतलं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे चित्रं काढणारा भाग, खाचेतून निसटायचं. ते परत बसवलं की मुश्ताकभाई माझ्यासमोर खजुराचा डबा ठेवायचे. "तिकडे वर्षभर फोर्कलिफ्ट चालवतो, ताई. इकडे तरी जेट चालवू द्या," म्हणायचे. ह्या माणसाचं काम मी कधी उद्यावर टाकलं नाही.

पण आज सांगायचंय ते पेणच्या मयूरचं. त्या दिवसाइतका माझा जीव कधी टांगणीला लागला नव्हता.

मयूर पेणच्या मूर्तिकाराचा मुलगा. घरात गणपतीचा कारखाना, वडिलांचा हात असा की आखणीला, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवायला, इतर कारखानदारही त्यांना बोलावतात. सगळे त्यांना आप्पा म्हणतात. मयूरने लहानपणापासून साचे, ओतकाम, रंग सगळं केलं, पण डोक्यात विमान. मग ह्या पठ्ठ्याने काय केलं? विमानाच्या दांड्याची मूठ आधी शाडूत घडवली, तिचा रबरी साचा काढला आणि त्यात रेझिनचं द्रव प्लास्टिक ओतून हुबेहूब मूठ बनवली. आतले चुंबक आणि वायरिंग मी त्याला शिकवलं. बाहेरच्या देशातून येणाऱ्या दांड्यांच्या तोडीस तोड माल झाला होता, हे मी कौतुक म्हणून नाही, धंद्यातली बाई म्हणून सांगते.

आप्पांना मात्र ते बघवत नव्हतं. "देव ओतायच्या साच्यात खेळणी ओततोय," म्हणायचे. घरात ह्यावरून वर्षभर धुसफुस चालली होती. शेवटी बापलेकांचं ठरलं की दिवाळीपर्यंत आप्पांनी काही बोलायचं नाही. तोवर एखादी मोठी ऑर्डर आली तर ठीक, नाहीतर मयूरने हे सगळं बंद करून कारखान्यात बसायचं. आणि नेमकी तेव्हाच पुण्याच्या साठे नावाच्या गृहस्थांनी चौकशी केली. त्यांचं पैसे देऊन विमान उडवायला मिळतं असं केंद्र होतं आणि त्यांना सगळ्या खुर्च्यांना दांडे बदलायचे होते. "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी व्हिडिओ कॉल करतो, समोर उडवून दाखवा," ते म्हणाले. त्यानंतर ते महिनाभर बाहेरदेशी जाणार होते. म्हणजे जे काय व्हायचं ते त्याच संध्याकाळी. मी आदल्या आठवड्यात जाऊन सगळं तपासून आले होते, विमान लोण्यासारखं चाललं होतं.

त्या दिवशी सकाळी दुकान उघडतेय तोच मयूरचा फोन.

"ताई, विमान पडतंय."

"शेवटचं काय बदललंस?"

"काय नाय, ताई. आईशप्पथ. काल दसरा, मी मशीनला हातच नाय लावला."

मी त्याच्याकडून फोनवरच तपासून घेतलं तर ग्राफिक्स कार्डाचं सॉफ्टवेअर रात्रीत आपोआप नवीन झालं होतं. हे सॉफ्टवेअर म्हणजे न विचारता घरात सुधारणा करणाऱ्या पाहुण्यासारखं. मी जुनं परत टाकायला लावलं. खेळ नीट उघडला आणि मी चहा मागवला. चहा येईपर्यंत परत फोन. जमिनीवर ठीक, उडालं की थोड्या वेळाने अडखळतं. शिवाय दांडा सोडला तरी विमानाचं नाक आपोआप खाली जातंय, तेही कधी जातंय, कधी नाही.

कधी होणारा आणि कधी न होणारा बिघाड ही आमच्या धंद्यातली सगळ्यात वाईट जात. त्यात एकाच वेळी दोन. मी शटर ओढलं आणि पेणची एसटी पकडली. ती नागोठण्यापर्यंत बरी गेली आणि वडखळला अडकली. पुढे ट्रक, मागे ट्रक, आणि मयूरचे फोनवर फोन. मी मनात संगती लावत बसले होते. हातच लावला नाही तर दोन गोष्टी एकदम कशा बिघडतात? कुणीतरी लावलाय. आणि ह्या घरात मशीन बिघडावं असं वाटणारा माणूस एकच होता. माझा राग चढत गेला.

पोचले तेव्हा दुपार टळली होती आणि आप्पा कारखान्याच्या दारातच उभे होते. "किती वेळ लागंल?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला घाई कसली आहे, आप्पा?" मी म्हटलं. ते दारातून बाजूला झाले.

गणपती गेलेले, देव्याही गेलेल्या, त्यामुळे कारखाना रिकामा होता. एका कोपऱ्यात मयूरने कॉकपिट बांधलं होतं. खुर्ची, समोर पडदा, दोन्ही बाजूंना बटणांचे कट्टे. मी खेळ सुरू करून यंत्राचं तापमान बघितलं. विमान वर गेलं तसं तेही वर जात होतं. कॉम्प्युटरचा मेंदू फार तापला की जीव वाचवायला तो स्वतःच काम हळू करतो. म्हणून चित्रं उशिरा येत होती. त्याच्या पंख्याचा वेग बघितला तर शून्य.

"पंखा बंद आहे. कॅबिनेट उघडावं लागेल. कुठाय?"

मयूरचा चेहरा उतरला. "ताई, ते डाव्या कट्ट्याच्या आत हाय."

"मग स्क्रू काढ."

"स्क्रू नायत. काथ्या आणि प्लास्टरने पॅक केलंय."

मी कपाळावर हात मारला. जगात दुसरीकडे कुठेही लोक असा कट्टा स्क्रूने जोडतात. पेणच्या पोराने तो गणपतीच्या पाठीसारखा काथ्या-प्लास्टर लावून जोडला होता! वर करड्या रंगाचा हात मारून असा झाकला होता की सांधा दिसेना. हवेसाठी फक्त वर एक जाळी ठेवलेली. कट्टा फोडल्याशिवाय आत जाता येत नव्हतं, आणि फोडला तर साठ्यांना काय दाखवायचं?

तेवढ्यात साठ्यांचा फोन आला. त्यांना लवकर निघायचं होतं, कॉल अलीकडे घेता येईल का? आत तारेचं इंटरनेट होतं, पण मोबाइलला रेंज येत नाही म्हणून मयूर बोलत बोलत रस्त्यावर गेला. मी हातोडी शोधायला वळले, तर आप्पा पुढे आले.

"तू नको मारू. सगळं फुटंल. सांधा कुठं धरतो ते मला ठाऊक हाय."

ते मांडी घालून बसले, कट्ट्यावर बोटाने टकटक केलं, कान लावला आणि करवतीचं पातं घालून हळूहळू चालवू लागले. माझ्या मनातला संशय अजून गेला नव्हता. मी त्यांच्या हाताकडे डोळ्यांत तेल घालून बघत होते. पण तो हात थरथरत होता, आणि आखणी करणाऱ्या माणसाचा हात असा थरथरत नाही, हे मला कळत होतं. बाजूची फळी अख्खी सुटून आली. मी कॅबिनेटचा दरवाजा काढला आणि बॅटरी मारली.

पंख्याचं पातं आणि चौकट ह्यांच्या मध्ये काहीतरी अडकलं होतं. मी ते चिमट्याच्या टोकाने सोडवलं, तसा पंखा भर्रकन फिरला. हातात आला तो तांदळाचा दाणा, कुंकवाने लाल झालेला.

अक्षता! जाळीतून खाली पडलेल्या. बॅटरीच्या उजेडात आणखी दोन-चार दाणे तळाशी दिसले, आणि हळदीची पूड.

मी मान वर केली. आप्पा माझ्या तळहाताकडे बघत होते.

"काल सगळी हत्यारं पाटावर मांडली," ते खालच्या आवाजात म्हणाले. "कोरण्या, ब्रश, कॉम्प्रेसर, सगळ्यांना हळदकुंकू लावलं. ह्याचं तेवढं नाय मांडलं. पोरगा काय बोलला नाय, पण जेवला नाय धड. तो सोनं वाटायला गेला नि माझ्याच जीवाला बरं वाटंना गो. दसऱ्याला हत्यार उपाशी ठेवू नये. मी एकटाच आलो, फूल वाहिलं, अक्षता टाकल्या. परत वाटलं, ह्यानं बघितलं तर काय म्हणंल? फूल उचललं, पुसून घेतलं." त्यांनी माझ्या तळहातावरचा दाणा बोटाने उलटवला. "ह्या आत जात असतील हे मला काय ठाऊक?"

वडखळच्या त्या गर्दीत बसून मी ह्या माणसाबद्दल जे जे मनात आणलं होतं, त्याची मला लाज वाटली.

"दांड्यावर पण टाकल्यात का?"

त्यांनी मान डोलावली. मग दुसरा उलगडाही झाला. दांड्याच्या बुडाचं रबरी झाकण मयूरने काढून ठेवलं होतं, साठ्यांना आतली रचना दाखवायची म्हणून. त्या फटीत दाणा शिरला होता. दांडा त्यावर टेकला की नाक खाली, दाणा सरकला की ठीक. मी माझा चिमटा आत घातला, तर तो खटकन चुंबकाला चिकटला. परत घातला, परत तेच. स्टीलचं काहीच तिथे चालेना. आणि बाहेरून मयूरचा आवाज येत होता, "हो सर, पाच मिनिटांत सर."

आप्पांनी कोनाड्यातून बांबूची कोरणी काढली, मूर्तीची बोटं सुटी करायची, सुईसारख्या टोकाची. "कुठं हाय दाखव." मी बॅटरी धरली. त्यांनी श्वास रोखला, आणि आता हात थरथरला नाही. दाणा बाहेर आला.

"पोराला सांगू नको," ते म्हणाले, आणि मी "बरं" म्हटलं.

मयूर आत आला तो नेमका तेव्हा. त्याला काय दिसलं? फुटलेला कट्टा, जमिनीवर प्लास्टर, आणि दांड्यावर वाकलेले आप्पा, हातात कोरणी.

"तुम्ही फोडलंत?" तो ओरडला. "आप्पा, आज तरी! तुम्हाला हेच हवं होतं ना? सकाळपासून पडतंय, तेव्हाच मला कळायला हवं होतं. तुम्हीच हात लावलात."

"लावला," आप्पा म्हणाले. बस, तेवढंच.

मयूरने हातातला मोबाइल खुर्चीवर आपटला. त्याच हातांनी त्याला आता विमान उडवायचं होतं. वचन मोडायला मला एरवी आवडत नाही. पण गप्प बसले असते तर ऑर्डर गेली असती आणि त्याच्या मागोमाग बापही दुरावला असता. मी मूठ उघडून त्याच्यासमोर धरली.

"पंख्यात हे होतं. दांड्यातही हेच होतं."

त्याने लाल दाणे बघितले. दसऱ्याच्या पूजेच्या अक्षता पेणच्या कारखान्यातल्या पोराला समजावून सांगाव्या लागत नाहीत. तो आप्पांकडे बघत राहिला. आप्पा जमिनीवरचं प्लास्टर गोळा करू लागले.

"मशीन आधी थंड होऊ द्यायचं का, ताई?" खुर्चीकडे वळत त्याने विचारलं.

"नको. बस तू."

सुटलेली फळी लावायला वेळच नव्हता. ती आप्पांनी मागून हाताने दाबून धरली, कॅमेऱ्यात दिसणार नाही असे खाली वाकून. पडद्यावर साठे आले. मयूरने इंजिन सुरू केलं, विमान उचललं. मी बाजूला बसून तापमानाचा आकडा बघत होते. समोरून दोन विमानं आली. मयूरने दांडा पोटाशी ओढला, आकाश उलटं झालं, आकडा चढला, थोडा थांबला, पुन्हा चढला. एक विमान पाठीमागे लागलं. हीच ती वेळ, अडखळायची. आकाश गर्रकन फिरलं, एकदाही न थबकता, आणि मयूरच त्या विमानाच्या मागे गेला. मग मयूरने दांडा सोडून दिला. विमान नाक सरळ ठेवून तसंच चालत राहिलं. साठ्यांनी "वा!" म्हटलेलं मी ऐकलं.

"दांडा मला पसंत आहे," ते म्हणाले. "पण नाताळच्या सुट्टीआधी सगळ्या खुर्च्यांना हवेत. तुम्ही एकटेच करता ना? मग कसं जमणार? मी एका माणसाच्या भरवशावर नाही राहू शकत."

एकट्याने ते होण्यासारखं नव्हतं, आणि खोटं बोलणाऱ्यातला मयूर नव्हता. साठे घड्याळाकडे बघू लागले.

"दिवाळीपर्यंत कारखाना रिकामाच हाय," कट्ट्यामागून आवाज आला. "ओतायला मी हाय. गणपतीचं काम लागल्यावर पण एक माणूस ह्याला देऊ. वेळेत होतील."

"हे कोण बोललं?" साठ्यांनी विचारलं.

"आमचे आप्पा," मयूर म्हणाला. "मी त्यांच्याच हाताखाली शिकलो, सर. त्यांनी होतील म्हटलंय, म्हणजे होतील."

आणि त्याने कॅमेरा मागे वळवला. आप्पांना वाटलं नव्हतं आपण दिसू. ते घाईने उठायला गेले, पण फळी सोडता येईना, म्हणून तसेच गुडघ्यावर बसून त्यांनी एका हाताने साठ्यांना नमस्कार केला.